एकाच हाताची मूठ

९ जानेवारी

भुंग्या,

जिथे असशील तिथे आधी सरळ बस, मग वाच. पोक काढून वाचलेलं पत्र अर्धंच पोचतं असं माझं मत आहे. मला स्वतःला एक अक्षर वाचता येत नाही, म्हणून मत ठाम आहे. लिहितेय खालची शिंपीण. तिने मशीन बंद केलंय, चष्मा चढवलाय, आणि मी बोलेन ते सगळं लिहायचं असं तिला बजावलंय. ती विचारते, "सगळं म्हणजे खोकलासुद्धा?" तो सोड गं.

तू म्हणशील, फोन कर की. फोनवरचं खोटं हवेत विरून जातं. पत्रात खोटं बोलायचं तर बसून, विचार करून बोलावं लागतं, आणि ते पुन्हा पुन्हा वाचून घेता येतं. म्हणून मला पत्रच बरं.

तुझं पार्सल पोचलं. मेणाचा हात मोज्यात गुंडाळून पाठवायची अक्कल तुझी असेल तर शाबास. मोजा धुतलेला नव्हता.

आता हाताबद्दल. तू त्या शहरातल्या चकचकीत दुकानात काउंटरमागे उभा राहून घरचं काम विसरला असशील, म्हणून उजळणी करते. कारखान्यातून आलेल्या रिव्हॉल्वरची मूठ म्हणजे स्टेशनवरचं बाकडं. कुणीही बसावं, आराम कुणालाच नाही. म्हणून माणसं आपल्याकडे यायची. दांड्यावर थापलेलं कोमट मेण घट्ट धरायचं आणि घरी जायचं. त्या ठशावरून तुझे आजोबा अक्रोडाचे दोन पल्ले कोरायचे, मी घासायची आणि तेल पाजायची. ते गेल्यावर कोरायचंही मीच. तर्जनी चापावर, अंगठा वरून; मूठ धरणारी खरी बोटं तीनच. त्या तिघांना न्याय दिला की झालं.

तुझ्या या गिऱ्हाइकाचं मधलं बोट छान रुतलंय. करंगळीही रुतलीय. दोघांमधलं बोट मात्र लांबच्या पाहुण्यासारखं काठावर टेकलंय. बसलंय, पण बसलेलं नाही. कोण आहे हा? वय काय, करतो काय? मी चौकशी करत नाही, नुसतं विचारते.

आणि आज का कोण जाणे, ताठ्याची आठवण झाली. तू त्याला पाहिलेला नाहीस. तुझ्या जन्माआधी आपल्याकडे शिकायला होता. आजोबांनी त्याला पोटच्या पोरासारखं शिकवलं. आणि शिकून झाल्यावर तो गेला, तो आपली गिऱ्हाइकं घेऊनच गेला. म्हाताऱ्याचा हात थरथरतो म्हणून सगळ्यांना सांगत सुटला. तेव्हा थरथरत नव्हता रे. ते ऐकल्यावर थरथरायला लागला. पुढे आजोबांनी त्याचं नाव काढलं नाही की घरात कुणाला काढू दिलं नाही.

आपल्या दुकानाची एक रीत तुला ठाऊक आहे. शिकून तयार झालेल्याला शिकवणारा आपल्या हाताने त्याच्या हाताची मूठ करून देतो. विकायला नाही, जवळ ठेवायला. ताठ्या ती न घेताच गेला. तुझीही राहिलीय. तुझा मेणाचा हात फळीवर आहे, अक्रोडाचा ठोकळा तेलाच्या डब्यामागे आहे. तू फक्त एकदा रजा काढून ये आणि हात सरकू नये म्हणून मुठीवर कोरतात ती जाळी कोरायला शीक.

बाकी शिंपीण म्हणते तिचा हात दुखला. माझं तोंड नाही दुखलं.

तुझी आजी

(खाली तेलकट अंगठा उमटलाय तो सही नाही. कागद हलू नये म्हणून धरला होता.)


२४ जानेवारी

प्रिय आजी,

सरळ बसलोय. मोजा धुतलेला होता.

गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त साहेब आहेत. आमच्या दुकानात नेहमी येतात. नेमबाजीचा छंद आहे. ठसा घेतला त्या दिवशी थंडी फार होती, त्यामुळे बोट आखडलं असेल. तू अंदाजाने सारखं करून घे, त्यात काय. मूठ मात्र तुझ्या हातची सर्वांत चांगली व्हायला हवी. साहेबांनी फार ऐकलंय तुझ्याबद्दल.

एक मागणं आहे. शिंपीणकाकूंना सांगून त्यांच्या फोनवर तुझा एक फोटो काढ आणि मला पाठव. तेल चोळतानाचा. इथे माझ्या खोलीच्या भिंती मोकळ्या आहेत. कामावरून आलो की कुणीतरी आपलं माणूस दिसावं असं वाटतं.

ताठ्याबद्दल इतकं तू पहिल्यांदाच सांगितलंस. असतात आजी अशी माणसं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी. विसरून जा.

रजेचं बघतो. सध्या कामाचा जोर आहे.

तुझा भुंगा


२ मार्च

भुंग्या,

मूठ झाली. या पत्राबरोबर निघालीय. धुतलेल्या फडक्यात.

थंडीने बोटं आखडतात तेव्हा तिन्ही आखडतात बाबा. पण साहेबांना थंडीसुद्धा बोट निवडून लागत असेल. मोठी माणसं.

मी अंदाजाने सारखं वगैरे केलेलं नाही. एकाच फळीचे दोन काप घेतले आणि पुस्तकासारखे उघडले. शिंपीण हसतेय, म्हणते तुम्हाला पुस्तक कुठून माहीत. बरं, झंपरच्या दोन बाह्यांसारखे म्हण. डावीकडच्या रेघा उजवीकडे आरशात पाहिल्यासारख्या उतरल्यात. मग लोखंडी सांगाड्याला काजळी फासली, पल्ला दाबला, जिथे काळं लागलं तेवढंच खरवडलं. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. माझे डोळे आता शोभेपुरतेच, म्हणून सांध्यावरून नख फिरवते. नख अडलं की काम बाकी. आता अडत नाही. तुझ्या आजोबांचंही कधीकधी अडायचं. ते लिहू नकोस गं. लिहिलंस?

त्या काठावर टेकलेल्या बोटाखाली मी लाकूड काढलं नाही, उलट राखलं. बदामाएवढा उंचवटा आहे बघ तिथे. जे बोट लाकडापर्यंत येऊ शकत नाही, त्याच्यापर्यंत लाकडाने जायचं. साहेबांना म्हणावं, तुमच्या बोटाला टेकायला जागा केलीय. काही बोलले तर शब्दन् शब्द कळव. काही न बोलता नुसते धरून बसले, तर तेही कळव.

ही मूठ एकाच हाताची आहे. काउंटरवर मांडून दहाजणांना दाखवू नकोस. तू मात्र देण्याआधी एकदा धरून बघ. दुकानाबाहेर जाणारी प्रत्येक मूठ घरच्या माणसाने एकदा धरायची, हे तुला रांगत होतास तेव्हापासून ठाऊक आहे. तेव्हा तू धरायचास आणि चावायचास. दाताच्या खुणा असलेली एक जोडी फौजदाराने तशीच नेली होती, म्हणाला शकुन चांगला आहे.

फोटो शिंपिणीने पाठवलाय. तोंड असं आलंय, जसं समोरचा उधारीवर मागतोय. भिंतीला लावशील तर भिंत पक्की बघून लाव.

आणि भुंग्या, सांगायचं काही राहिलं असेल तर सांगून टाक. मी रागावणार नाही. चांगल्या बातम्या म्हाताऱ्या माणसापासून फार दिवस लपवू नयेत. एवढीच एक गोष्ट आमच्याकडे पुरेशी नसते, दिवस.

आजी


२१ मार्च

प्रिय आजी,

घाईत लिहितोय. मूठ पोचली, साहेबांना दिली. फार आवडली. ते काही बोलले नाहीत, नुसती धरून बसले.

मला बढती मिळाली! आता काउंटरवर नाही, आत केबिनमध्ये. सगळं तुझ्या आशीर्वादाने. पुढे सविस्तर लिहीन.

तुझा भुंगा


६ ऑगस्ट

भुंग्या,

या वेळी कसाही बस.

मधल्या महिन्यांत तुझं पत्र नाही. आम्ही म्हटलं, केबिनमध्ये कागद नसतील. मी इकडे बसल्या जागी गोड स्वप्नं बघत होते. काल बँकेचा पहारेकरी आला, मिशीवाला. तू लहान असताना त्याच्या मिशांना लोंबकळायचास तोच. बँकेने त्याला नवी रिव्हॉल्वर दिली, म्हणून त्याने नवी मूठ घेतली. माझ्याकडून नाही. बाजारातून. डबा माझ्यासमोर ठेवला आणि उजवा हात पुढे केला. करंगळीशेजारचं बोट सुजून वांग्यासारखं झालेलं. म्हणाला, "आजी, रागावू नका, पण तुमची मूठ चावते हो."

मी म्हटलं, "मी तुला मूठ दिलीच कधी?"

"ही काय. डब्यावर तुम्हीच आहात की."

शिंपीण धावत वर आली. डब्यावर मी. तेल चोळतेय. उधारीवर मागणाऱ्याकडे बघतेय. तुझ्या खोलीची भिंत फारच मोठी निघाली रे, गावोगावच्या दुकानांपर्यंत पोचली. शिंपिणीने वाचून दाखवलं, "आजीची मूठ. जुन्या घराण्याचं गुपित, खास उंचवटा, प्रत्येक हातासाठी." प्रत्येक हातासाठी! आणि खाली कारखान्याचं नाव. ते वाचायला शिंपिणीला वेळ लागला. तिला अक्षर लागत नव्हतं म्हणून नाही, तोंडातून निघत नव्हतं म्हणून. ताठ्याचा कारखाना.

मी मूठ हातात घेतली आणि डोळे मिटून अंगठा फिरवला. माझाच उंचवटा. माझी कानस जिथे वळते तिथेच वळलेली. पण आत जीव नाही. भुसा आणि गोंद, वर पिवळा रंग. माझे कपडे घालून माझ्यासारखं चालणारं भूत.

मिशीवाल्याची वर्षाची नेमबाजीची परीक्षा झाली. प्रत्येक गोळीसरशी तो उंचवटा बोटाच्या हाडावर आदळला. नापास झाला. ज्या माणसाने एवढी वर्षं दार राखलं, तो आता आत बसून लोकांना टोकन वाटतो. मला म्हणाला, "तुमचं नाव बघून घेतली, एकदाही धरून बघितली नाही. तुमची मूठ काय धरून बघायची?" याचं उत्तर मला देता आलं नाही. मला! ज्या बाईला यमसुद्धा म्हणेल, आधी तुमचं बोलणं होऊ दे, मग निघू.

आता ऐक. तुझा तो मेणाचा हात मी पहिल्याच दिवशी ओळखला होता. मोज्यातून काढला आणि ओळखला. ताठ्या शिकत असताना त्याच्या हातून पटाशी सटकली, त्याच्याच बोटाची शीर तुटली. मी माझ्या पदराची पट्टी फाडून बांधलं. बोट वाचलं, पण वाकेना. तेव्हापासून ताठ्या. तुला वाटलं असेल मानेवरून पडलं नाव. मान नंतर ताठ झाली.

मला वाटलं, हा एवढ्या वर्षांनी आलाय. तोंडाने येता येत नाही म्हणून हात पुढे केलाय, आणि माझा नातू मध्ये उभा राहून लाजतोय. मला वाटलं, माझ्यासाठी तुम्ही दोघं काहीतरी चांगलं शिजवताय. म्हणून विचारलं नाही. म्हणून सांगून टाक म्हटलं. तेल चोळताना आजोबांच्या फोटोशी बोलायची, "अहो, आला बघा परत." असली मी शहाणी!

त्याने एकदा लुटलं तेव्हा तो परका होता. तू घरातला. भुंगा हे नाव मी लाडाने ठेवलं होतं रे. लाकूड पोखरतो तो भुंगा, हे लक्षातच घेतलं नाही.

तुला एकच विचारते. नकला काढायला मशीनखाली ठेवण्याआधी तू ती मूठ हातात धरलीस का? हो किंवा नाही. बाकी काही लिहू नकोस.

(भुंग्या, हे मी माझ्या मनाने लिहितेय. पत्र संपल्यावर आजी नेहमी म्हणतात, "वाच बघू परत." आज म्हणाल्या नाहीत. जिना उतरताना मी मागे पाहिलं तर फळीवरचे सगळे मेणाचे हात भिंतीकडे तोंड करून फिरवून ठेवत होत्या. — शिंपीण)


१९ ऑगस्ट

शिंपीणकाकू,

रेघेपर्यंतचं फक्त तुम्ही वाचा. आजीला रेघेखालचं वाचून दाखवा.

इथे माझी अवस्था फार वाईट आहे. मुठी परत येतायत, खोकीच्या खोकी. सगळ्यांची एकच तक्रार, बोट दुखतं. आम्हाला वाटलं होतं तो उंचवटा म्हणजेच आजीच्या हाताची खुबी. जाहिरातच त्याची केली. आता सगळे माझ्याकडे बघतात. केबिन तर जाईलच, नोकरीही जाईल. मालकांनी, म्हणजे त्या ताठ्याने, मूठ आणायला लावली, मशीनखाली ठेवायलाही त्यांनीच सांगितलं. मी नोकर माणूस, काय करणार?

काकू, तुम्हीच वाचवू शकता. आजीच्या नावाने चार ओळी लिहा. नवी मूठ हाताला बसायला थोडे दिवस लागतात, पूर्वीही असंच व्हायचं, धीर धरा, एवढंच. खाली तिचा अंगठा घ्या. तिला सांगा वीजबिलाचं आहे. तिला काय लिहिलंय ते कुठे वाचता येतं? तिचं नुकसान काहीच नाही आणि माझं आयुष्य सावरेल.

——————————

प्रिय आजी,

मी चुकलो. तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. तुझं नाव मोठं व्हावं, सगळ्या जगाला तुझी कला कळावी, एवढाच माझा हेतू होता. त्या माणसाने मला फसवलं. लवकरच रजा काढून येतो आणि जाळी कोरायला शिकतो. तोवर काकू एक कागद आणतील त्यावर अंगठा दे, वीजबिलाचं आहे.

तुझाच भुंगा


२ सप्टेंबर

मिस्त्रीकाकूंना नमस्कार.

हा हात तुम्ही ओळखलात हे मला मूठ धरल्याबरोबर कळलं. त्यामुळे मी कोण ते लिहीत नाही.

तुमचे यजमान, माझे मिस्त्री, गेले तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. आत आलो नाही. त्याबद्दल माफी मागायलाही तोंड नाही, म्हणून मागत नाही. तुमचा नातू माझ्या कारखान्याच्या दुकानात कामाला आला तेव्हा मी त्याला ओळखलं. एकदा म्हणालो, तुझ्या आजीच्या हातची एक मूठ मला मिळेल का? माझं नाव सांगू नकोस. एवढाच माझा त्यातला वाटा. पार्सल आलं तेव्हा केबिनचं दार लावून घेतलं आणि मूठ धरली. पटाशी लागल्यापासून त्या बोटाला पहिल्यांदा कुणीतरी आधार दिला. संध्याकाळपर्यंत मी ती खाली ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलावरून उचलून मशीनखाली ठेवायची कल्पना तुमच्या नातवाची. फोटोही त्याचा, डब्यावरचं नावही त्याचं. त्या बदल्यात केबिन मागितली, मी दिली.

यात माझी सुटका नाही, हे मला कळतं. ही मूठ दुसऱ्या कुणाच्या हातात चावणार हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं. मिस्त्रींनी शिकवलंय ते विसरलो नाही. पण सांगायचं तर बोट दाखवावं लागलं असतं. इथे कुणाला माहीत नाही. मी कायम हात खिशात ठेवतो. सगळ्यांसमोर खिशातून काढायची लाज वाटली, आणि हजारो हात दुखू दिले.

मूठ परत पाठवायला हवी, पण पाठवत नाही. तेवढा ताठपणा शिल्लक आहे.

ताठ्या


१५ सप्टेंबर

भुंग्या,

शिंपिणीने तुझं पत्र वाचलं. रेघेच्या वरचं आधी, मग रेघ, मग खालचं. रेघ कशी वाचली विचारशील, तर तिथे ती थांबली आणि तिने नाक पुसलं.

तुला वाटलं, हिला वाचता येत नाही तर हिला कळणार नाही. बाबा रे, अक्षर येत नाही म्हणून तर मी माणसं वाचायला शिकले. आणि शिंपिणीला तू चार ओळी लिहायला सांगितल्यास. ती एवढी वर्षं माझं लिहितेय, माझ्या नावाने एक शब्द पदरचा घातला नाही. घातलाच तर कंस करून खाली स्वतःचं नाव लिहिते. परकी बाई. वीजबिल मात्र तिनेच भरलंय, त्याची काळजी करू नकोस.

ताठ्याचंही पत्र आलं. काय लिहिलंय ते तुला सांगत नाही. एवढंच सांगते, त्यानेही चोरी केलीय, पण स्वतःची चोरी दुसऱ्याच्या खिशात टाकली नाही. दोन चोरांत मला आज जुना बरा वाटला, काय दिवस आलेत बघ. त्याला मी उत्तर दिलेलं नाही. बोट टेकायला जागा दिली, घरात दिलेली नाही.

मी तुला एकच विचारलं होतं, मूठ धरलीस का. तू दोन पानं लिहिलीस आणि त्यात हो नाही की नाही नाही. म्हणजे नाही. धरली असतीस तर त्याच क्षणी ती तुझ्या बोटाला चावली असती. तू म्हणाला असतास, आजी, हे काय गं? मी म्हटलं असतं, ते तुझं नाही रे, ज्याचं आहे त्याला दे. झालं असतं. एवढंच होतं ते घराण्याचं गुपित. जगातल्या एका माणसाचं एक बोट वाकत नाही, एवढंच. ते तुम्ही डब्यात घालून साऱ्या जगाला विकलंत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते ऐकलं होतं, दुसऱ्याचा हात दाखवून करून घेतलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

ज्याच्या दातांच्या खुणांवर फौजदार खूश झाला होता, त्या पोराला लाकूड हातात धरावंसं वाटलं नाही. माझा फोटो धरलास, ताठ्याचे पाय धरलेस, केबिन धरलीस. राग त्याचा आहे. पैसे, नाव, डबा, ते सगळं मी हसून सोडून देईन. मला उधारीची सवय आहे. हे सुटत नाही.

आता इकडची बातमी.

परवा मिशीवाल्याला बोलावलं. बोटाची सूज उतरलीय. बँकेने त्याला पुन्हा परीक्षा द्यायची परवानगी दिलीय. तो म्हणाला, "आजी, या वेळी तुमच्याच हातची करा, पण लवकर जमेल का?" लाकूड लागणार होतं चांगलं, जुनं, मुरलेलं. तेलाच्या डब्यामागे एक ठोकळा होता. कुणासाठी तरी राखलेला. काढला. पुसला तर रेघा इतक्या सुरेख निघाल्या की मी त्यांवरून अंगठा फिरवत बसले. शिंपीण म्हणाली, "रडताय का?" मी म्हटलं, "भुसा गेला डोळ्यांत." मग लक्षात आलं की अजून कापायला सुरुवातच केली नव्हती.

ठसा घ्यायला मेण नव्हतं. बाजारात मिळतं, नाही असं नाही. पण मिशीवाला खुर्चीत येऊन बसला होता, आणि आलेला हात आपण ताटकळत ठेवत नाही. फळीवरून एक हात उतरवला. त्याच्या अंगठ्यापाशी मेण जरा उचललेलं होतं. धरताना त्या पोराला हसू आवरलं नव्हतं, मी ओरडले होते, हलू नकोस, ती खूण. वितळायला भांड्यात ठेवला. आधी करंगळी गेली, मग मधलं बोट. अंगठा बराच वेळ तरंगत होता.

मिशीवाल्याने धरलं. मी विचारलं, "गरम लागतंय का?"

"नाही हो," म्हणाला, "छान मऊ आहे. नवीन आणलंत वाटतं?"

मी म्हटलं, "नाही, जुनंच आहे. घट्ट धर."

तुझी आजी

(या वेळी खाली अंगठा आहे तो सहीच आहे. मुद्दाम उठवलाय. कुठे वापरायचा तिथे वापर.)